काळ्यावर पांढरी नक्षी

आमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, ‘मूक चित्रसृष्टीचे शब्दप्रभू’. वाचून मला ओकारी आली. ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांना काट मारली त्याला शब्दप्रभू म्हणायचं, म्हणजे न्हाव्याला केशवर्धक म्हणण्यासारखं आहे. खाली बारीक अक्षरांत होतं, ‘पंचाहत्तराव्या जयंतीनिमित्त त्यांच्या शेवटच्या चित्रातील मूळ पाट्यांचे प्रदर्शन’.

त्या चौदा पाट्या माझ्याच घरातून गेल्या होत्या. संस्थेचा चिटणीस स्वतः येऊन घेऊन गेला. बारा माळ्यावर होत्या आणि दोन बायकोने फडताळात कागदाऐवजी अंथरल्या होत्या. त्यांच्यावर डब्यांचे गोल डाग पडले होते. पाट्या कुणी रंगवल्या, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांच्यावरचे शब्द कुणाचे, हे त्याने विचारलं नाही. त्याने गृहीत धरलं. आणि मी गप्प बसलो. गप्प का बसलो ते सांगायचं, तर त्या माणसाचं सगळं आयुष्यच सांगावं लागेल.

आम्ही त्याला बाराशब्दे म्हणायचो. जणू आडनावच. मुकी चित्रं म्हणजे काय ते आता कुणाला ठाऊक नसतं. पडद्यावर माणसं ओठ हलवायची, आवाज नसायचा. ती काय बोलली ते कळावं म्हणून मध्येच पडदा काळा व्हायचा आणि पांढऱ्या अक्षरांत वाक्य यायचं. त्याला आम्ही पाटी म्हणायचो. ती पाटी मी काळ्या पुठ्ठ्यावर रंगवायचो, भोवती वेलबुट्टी काढायचो आणि कॅमेरावाला तिचं चित्र घ्यायचा. वाक्य बाराशब्द्यांचं असायचं आणि त्यात कधीही बारापेक्षा जास्त शब्द नसायचे. सावकाश वाचणारा माणूस पाटी जाईपर्यंत बारा शब्द वाचू शकतो, हे त्यांनी थिएटरात बसून, लोकांचे हलणारे ओठ बघून ठरवलं होतं. तेरावा शब्द लिहिणारा लेखक चोर आहे, असं म्हणायचे. तो लोकांची नजर चोरतो.

ही सवय तारघरातली. चित्रांत यायच्या आधी ते तारघराच्या खिडकीत बसून लोकांच्या तारा लिहून द्यायचे. तारेला शब्दागणिक पैसे पडत. माणूस खिडकीशी येऊन सांगायचा, ‘बाबांची तब्येत फार बिघडली आहे, सारखी तुझी आठवण काढतात, तरी असशील तसा निघून ये.’ बाराशब्दे लिहायचे, ‘बाबा वाट बघतात. नीघ.’ लोक कागद बघून आधी चिडायचे, मग गप्प व्हायचे.

तिथे एकदा आमचे मालक आले. मालक म्हणजे चित्रकंपनीचे मालक. एका थिएटरवाल्याने त्यांचं चित्र दाबून ठेवलं होतं, म्हणून त्याला शिव्यांची लांबलचक तार करायची होती. बाराशब्द्यांनी ती सहा शब्दांत बसवली आणि शिवी तेवढी शाबूत ठेवली. मालक खूश. म्हणाले, “उद्यापासून माझ्याकडे या.” आणि या शहाण्याने पेन्शनची नोकरी सोडली. वय सव्वीस. घरात म्हातारी आई आणि नवी बायको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमची कंपनी म्हणजे काचेच्या छपराची एक भलीमोठी शेड होती. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. नटांचा रंग ओघळून कोटावर यायचा. बाराशब्द्यांना लिहायला दिली होती ती कपड्यांची खोली. टेबलाचा एक पाय तोकडा, त्याखाली कुठल्याशा राजाचा जोडा सरकवलेला. भिंतीवर खिळ्यांना खोट्या दाढ्या टांगलेल्या. डिंकाचा आणि घामाचा असा वास यायचा, की आजही डिंकाची बाटली उघडली की मला मळमळतं. शेजारच्या कोपऱ्यात मी. नऊ वर्षं आम्ही असे पाठीला पाठ लावून काम केलं.

मालकांची एक अट होती. त्यांनी एकदा खरा पूर टिपून आणला होता. नदी फुटली होती, घरं वाहत होती आणि एका पत्र्यावर एक शेळी उभी होती. पत्रा वाहत चाललाय, शेळी इकडेतिकडे बघतेय. ते दृश्य घेताना कॅमेरावाला बुडता बुडता वाचला होता. मालक म्हणायचे, एवढ्या कष्टाने आणलेला पूर काय एकदाच वापरायचा? म्हणून प्रत्येक चित्रात पूर. कोर्टाची गोष्ट, पूर. विनोदी गोष्ट, पूर. एकदा तर अख्खी गोष्ट वाळवंटात घडत होती. तिथेही पूर आला. नायकाच्या स्वप्नात.

बाराशब्द्यांनी एकतीस गोष्टी लिहिल्या आणि एकतीस वेळा ती शेळी वाहत गेली. लोक शेळी दिसली की शिट्ट्या मारायचे. मालकांना वाटायचं, पूर आवडतोय.

ह्याहून घाण प्रकार परीक्षणांचा. चित्र लागलं की दाराशी एक चोपडं वाटायचे, त्यात गोष्ट आणि चित्राची तारीफ. तारीफही बाराशब्द्यांनाच लिहावी लागे. वर्तमानपत्रांचे टीकाकार चित्र बघायचेच नाहीत. चोपडं मागवायचे आणि त्यातलीच वाक्यं आपली म्हणून छापायचे. एका शुक्रवारी बाराशब्द्यांनी पाच वर्तमानपत्रं माझ्या टेबलावर आणून टाकली. पाचही ठिकाणी एकच वाक्य होतं, ‘नायिकेचे अश्रू प्रेक्षकांच्या डोळ्यांतून वाहतात.’

“हे मी संडासात बसून लिहिलं होतं,” ते म्हणाले. “आता पाच विद्वानांचं मत झालं.”

त्यानंतर महिन्याभराने एका फाटक्या साप्ताहिकात नवं सदर सुरू झालं. खाली नाव नसायचं, फक्त ‘पुढच्या बाकावरचा’ एवढंच. हा माणूस खरोखर थिएटरात जायचा, सगळ्यात पुढच्या लाकडी बाकावर अर्धा वळून बसायचा आणि पडद्यापेक्षा लोकांचे चेहरे जास्त बघायचा. तो खोकले मोजायचा. ‘पहिल्या भागात खोकले बावन्न. नायक मेला तेव्हा एकही नाही, लोक झोपले होते.’ आमच्या चित्राबद्दल त्याने लिहिलं, ‘शेळी पुन्हा आली. सगळ्यांत तिचंच काम चांगलं झालं आहे.’

ते वाचून मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या कंपनीला उभं करून त्यांनी विचारलं, कोण हा हरामखोर? कुणाला ठाऊक नव्हतं. मला मात्र तिसऱ्याच आठवड्यात कळलं. मी त्या माणसाचं एकेक वाक्य वर्षानुवर्षं बोटांनी काढत आलो होतो. सदरातलं एकही वाक्य बारा शब्दांच्या पुढे जात नव्हतं. मी काही बोललो नाही. ह्या एका गोष्टीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतो. दुसरी तशी गोष्ट माझ्याजवळ नाही.

आता त्यांच्या आईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलंय.

आई शिंप्याकडे काजं करायची. कोटांची, सदऱ्यांची. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ऐन चाळिशीत कानांनी दगा दिला होता. ठार बहिरी. बोलायची मात्र खणखणीत, कारण आपला आवाज केवढा येतो ते तिला कळतच नव्हतं. बाकीच्या जगाला मुकी चित्रं अर्धवट वाटत असतील. तिला ती पुरी होती. पडद्यावरची माणसंही तिच्यासारखीच, नुसते ओठ बघून समजून घ्यायची. मुलाचं प्रत्येक चित्र ती बघायला यायची, धुतलेलं लुगडं नेसून.

पण पाटी आली की संपलं. इतर अडाणी माणसांना शेजारचा कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचा. हिला वाचून दाखवून काय उपयोग? ती मुलाला ढोसायची आणि साऱ्या थिएटरला ऐकू जाईल असं विचारायची, “काय लिहिलंय?” लोक हसायचे. मागून कुणीतरी ओरडायचं, “म्हातारीला घरी न्या!” बाराशब्दे हातांनी खाणाखुणा करून सांगायला लागायचे, तोवर चित्र पुढे गेलेलं असायचं. बाहेर आल्यावर ती म्हणायची, “चांगलं होतं. माणसं फार रागावलेली होती.”

एकतीस चित्रं त्याने लिहिली आणि त्याच्या आईला त्यातलं एकही कळलं नाही. एवढी एकच गोष्ट त्या माणसाला खात होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, “एक चित्र करायचंय पेंटर. पाटी नाही, पूर नाही. आईला कुणाला विचारावं लागणार नाही, असं.”

“मग मी काय करू? मला हाकलणार वाटतं?” मी चेष्टेने म्हटलं. चेष्टेने म्हटलं, पण ते पोटात राहिलं.

मालकांना त्यांनी सात वर्षं हे सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मालक म्हणायचे, पाट्या नसतील तर लोक म्हणतील अर्धं चित्र दाखवलं, पैसे परत द्या. मग बाराशब्द्यांनी तेच आपल्या सदरात लिहिलं. ‘पाटी म्हणजे लेखकाने दिलेली कबुली, की आपल्याला दाखवता आलं नाही. पाटीशिवाय चित्र काढील तो मालक इतरांना घरी बसवील.’

तिसऱ्या दिवशी मालक खोलीत धावत आले. डोळे चमकत होते. म्हणाले, “बाराशब्दे, मला रात्री एक कल्पना सुचली. बिनपाटीचं चित्र! काय म्हणता?”

बाराशब्द्यांनी टाक खाली ठेवला. “तुम्हालाच सुचू शकतं हे,” ते म्हणाले. मालक गेल्यावर मी हसून हसून बेजार झालो. ते हसले नाहीत. त्यांना किळस आली होती. स्वतःचीच उष्टी कल्पना पाया पडून परत घ्यायची, याची. पण घेतली.

गोष्ट त्यांच्याकडे कधीचीच तयार होती. एक शिवणारी बाई. मुलगा परगावी गिरणीत कामाला जातो. ती त्याच्यासाठी कोट शिवायला घेते. मुलगा येत नाही. वर्ष जातं, ती अंदाजाने कोट उसवते, मोठा करते. आणखी वर्ष, पुन्हा उसवते. शेवटी तो येतो. यंत्रात सापडून त्याचा उजवा हात खांद्यापासून गेलेला असतो. तो दारात उभा. ती त्याच्याकडे बघते, मग कोटाकडे बघते. मग कात्री घेते आणि उजवी बाही कापायला बसते. बस. एवढंच.

बाईचं काम करणारी नटी एरवी डोळे फिरवण्यात पटाईत. तिला बाराशब्द्यांनी आईकडे पंधरा दिवस काजं करायला बसवलं. बोटांना सुया टोचून ती रडकुंडीला आली आणि त्यामुळेच काम बरं करू शकली. ती कात्री चालवायची तेव्हा शेडमधले सुतारसुद्धा हातोडे खाली ठेवून बघत उभे राहायचे. मी चौदा वर्षं त्या धंद्यात काढली, त्यात लाज वाटू नये असं मी पाहिलेलं ते एकच.

चित्र शुक्रवारी लागायचं होतं. बुधवारी सकाळी थिएटरवाल्यांना खाजगीत दाखवलं. पाच जण. बघून झाल्यावर त्यांतला एक दात कोरत म्हणाला, “ती बाही का कापतेय? कोट बिघडला ना!” दुसरा म्हणाला, “पूर कुठाय?” तिसऱ्याने सांगितलं की शेळी नसेल तर मी हे लावणार नाही. मालक पांढरे पडले. ज्यांना गाय आणि गाढव यातला फरक कळत नाही, त्यांच्या मताने चित्रं कापली जायची. अजूनही तसंच चालत असेल, मला काय.

दुपारी मालक खोलीत आले. “चौदा पाट्या हव्यात. उद्या सकाळपर्यंत. पूर मी मध्ये घालतोय.”

“मी लिहिणार नाही,” बाराशब्दे म्हणाले.

“मग कोण लिहील?”

बाराशब्द्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणेन, याची त्यांना खात्री होती. नऊ वर्षांची पाठ होती आमची. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. मालकांना म्हटलं, “मी लिहितो.”

त्या क्षणाची मला आजही शिसारी येते. नोकरी जाईल या भीतीने म्हटलं असतं, तर समजून घेता आलं असतं. पण तेवढंच नव्हतं. मनातून मला बरं वाटलं होतं. बिनपाटीचं चित्र चाललं, तर उद्या माझ्या अक्षरांना विचारणार कोण? आणि दुसरं त्याहून घाणेरडं: इतकी वर्षं दुसऱ्याचे शब्द रंगवत आलो, एकदा तरी आपले रंगवावेत, अशी मला खाज होती. त्यांची म्हातारी थिएटरात येणार हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं.

बाराशब्दे उठले, कोट घातला आणि निघून गेले. मी ती दुपार आणि सगळी रात्र बसून चौदा पाट्या काढल्या. अक्षर असं उतरलं की काय सांगू. वेलबुट्टीला पानं, पानांना शिरा. शेवटच्या पाटीवर तर मी जीव ओतला. बाई कात्री उचलते तिथे ती येणार होती. मी लिहिलं:

‘बाळा, तुझा हात गेला तरी तुझ्या आईचे दोन हात तुझ्यासाठी अजून आहेत ना!’

लिहून झाल्यावर मला स्वतःलाच भरून आलं. मूर्ख माणसाला स्वतःच्या वाक्यावर रडू येतं, ही त्याची खूण.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला बाराशब्दे आले. आई मध्ये, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्यांची आठ वर्षांची मुलगी. ती मला पेंटरकाका म्हणायची. मी त्यांच्याच मागच्या बाकावर बसलो होतो. कशाला बसलो होतो? आपली अक्षरं बघायला, दुसरं कशाला.

म्हातारी खुशीत होती. या चित्रात पाटीच नाही, असं मुलाने महिनाभर तिला हातवारे करून सांगितलं होतं. पहिली पाटी आली. थिएटरात नेहमीप्रमाणे वाचणाऱ्यांचा गलका सुरू झाला. आणि त्या सगळ्याच्या वर तिचा आवाज आला.

“काय लिहिलंय?”

लोक हसले. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा बाराशब्द्यांनी आईचा हात हातात घेतला होता आणि तिच्या तळहातावर ते बोटाने काहीतरी काढत होते. तिला तर अक्षर येत नव्हतं. मला वाटलं, उगी करताहेत. दुसऱ्या पाटीला पुन्हा तेच. प्रत्येक पाटीला तेच. म्हातारीने नंतर एकदाही विचारलं नाही. पूर आला, शेळी आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. शेवटची पाटी आली तेव्हा सगळं थिएटर ती एका सुरात वाचत होतं, बायका हुंदके देत होत्या. कात्रीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझी पाटी जिंकली.

दिवे लागल्यावर बाराशब्दे माझ्यासमोरून गेले. थुंकले असते तरी चाललं असतं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात ‘पुढच्या बाकावरचा’ हे सदर आलं. या वेळी खाली बाराशब्द्यांचं खरं नाव, आडनावासकट. आणि परीक्षण एवढंच:

‘शिवणारी बाई कळली. कोट कळला. बाही कापली तेव्हा रडू आलं. मधूनमधून काळ्यावर पांढरी नक्षी येते. ती बरी आहे, डोळ्यांना विसावा मिळतो. पण ती शेळी कशाला आली?’

मालकांनी तासाभरात त्यांना काढून टाकलं. त्यांनी दाढ्यांच्या खोलीतून आपला टाक तेवढा उचलला. मी त्या दिवशी आजाराचं निमित्त करून घरी बसलो होतो. खरंतर आजारीच होतो, ते परीक्षण वाचून. एवढी वर्षं मी अक्षर घोटलं आणि हा माणूस म्हणतो नक्षी! माझ्या शब्दांना वाईटसुद्धा म्हणावंसं वाटलं नाही त्याला. ते वाचण्याच्या लायकीचेच नाहीत, म्हणे, डोळ्यांना विसावा आहेत. एवढा जहरी टोमणा मी आयुष्यात खाल्ला नव्हता. खाल्ला आणि चाळीस वर्षं पोटात बाळगला.

तीन वर्षांनी चित्रं बोलायला लागली आणि माझं काम बंद पडलं. मालकांनी कंपनी विकली. रिळं भंगारवाल्याने नेली. त्यांच्या पट्ट्या धुऊन कुणीतरी कंगवे केले म्हणे. त्या कोटाच्या चित्राने आज कुणाच्या डोक्यातल्या उवा निघत असतील, तर तीही एक सेवाच. मी दुकानांचे फलक रंगवायला लागलो.

बाराशब्दे तारघरात परत गेले. पहिल्या पायरीवर, कारण मधली वर्षं बुडाली होती. चित्रांबद्दल त्यांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही. माझी आई गेली तेव्हा भावाला तार करायला मी गेलो, तर खिडकीत तेच. केस पिकलेले. मी कागद सरकवला. त्यांनी बोटाने शब्द मोजले, एक शब्द खोडला आणि वर न बघता पावती दिली. ओळखसुद्धा दाखवली नाही. बाहेर येऊन मी त्यांना मनात येतील त्या शिव्या दिल्या. नंतर ते वारल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. दहा ओळी, त्यात तीन चुका.

आणि आता हे प्रदर्शन.

मी गेलो. जायला नको होतं, पण पाय गेले. माझ्या पाट्या काचेआड लावल्या होत्या, खाली प्रत्येकीला बाराशब्द्यांचं नाव. डब्यांचे डागसुद्धा जपले होते, जणू तेही त्यांनीच काढले. मी चिटणिसाला बाजूला घेतलं आणि चाळीस वर्षांनी एकदाचं सांगून टाकलं, “हे शब्द त्यांचे नाहीत. माझे आहेत. त्यांना एकही पाटी नको होती.”

तो माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघत राहिला, जणू म्हाताऱ्याला आता श्रेय लाटायचंय. “काका, पत्रिका छापून झाल्यात,” तो म्हणाला. “प्रमुख पाहुणे आलेत. नंतर बोलू हं आपण.”

शेवटच्या पाटीपाशी एक बाई उभी होती. पन्नाशीला आलेली, चष्मा, खांद्याला पिशवी. ती काचेवर बोट टेकवून काहीतरी मोजत होती. माझ्याकडे वळली आणि हसली.

“पेंटरकाका ना?”

मी ओळखलं. बाराशब्द्यांची मुलगी.

“ही तुमची,” ती म्हणाली.

“सगळ्याच माझ्या. मीच रंगवल्यात.”

“रंगाचं नाही म्हणत. शब्द तुमचे. तेरा आहेत.” तिने पुन्हा बोट ठेवलं. “तेव्हाही मी मोजले होते. बाबांना म्हटलं, बाबा, तेरा! ते म्हणाले, माहितेय. शेवटचा ‘ना’ नसता, तर मी त्याला माफ केलं असतं.”

तारघरात खोडलेला तो एक शब्द आठवला. “तुझ्या आजीला फार त्रास झाला त्या दिवशी,” मी म्हटलं. “माझ्यामुळे.”

“आजीला?” तिला खरंच नवल वाटलं. “आजीला कसला त्रास? पहिल्या पाटीला तिने विचारलं, काय लिहिलंय. बाबांनी तिच्या हातावर वेल काढली. नक्षी आहे, वाचायची नसते, असं. ती कोटांवर काजं करायची ना, तिला वेल लगेच कळायची. मग प्रत्येक पाटीला वेल.”

“चौदाही वेळा?”

“चौदाही वेळा.”

“आणि तिला ते पटलं?”

“काका, आयुष्यभर सुई चालवलेल्या बाईला नक्षी आणि अक्षर यांतला फरक कळत नसेल का? पण मुलगा म्हणतोय नक्षी, तर नक्षी.” ती पुढे म्हणाली, “दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हाला सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, एकही चूक नाही. बाही कापली तिथे पुन्हा रडली. मग म्हणाली, मधूनमधून पांढरी नक्षी येते, ती बरी आहे, डोळ्यांना विसावा मिळतो. पण ती शेळी कशाला आली?”

मी काचेच्या पेटीला हात टेकला.

“बाबा इतके हसले की ठसका लागला. तसेच कागद घेऊन बसले. ती बोलली ते उतरवून घेतलं, एक शब्दही कापला नाही. आणि खाली नाव घातलं. नोकरी जाणार हे माहीत होतं त्यांना. म्हणाले, आईने परीक्षण केलंय, ते काय टोपणनावाने छापू?”

चाळीस वर्षं मी ज्याला टोमणा समजून उराशी धरला, ते एका बहिऱ्या म्हातारीचं शेजारणीशी बोलावं तसं साधं बोलणं होतं. माझ्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. अख्ख्या परीक्षणात मी कुठेच नव्हतो. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती, पाट्या लिहिल्या तेव्हाही नाही.

तेवढ्यात मायक्रोफोन खरखरला. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले. लठ्ठ गृहस्थ, गळ्यात हार, कुठल्याशा खात्याचे कुणीतरी. या महान लेखकाची प्रतिभा पाहायची असेल तर, म्हणाले, त्यांची ही एकच अजरामर ओळ ऐका. आणि चष्मा चढवून, गळा दाटून आल्यासारखा करत, त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“बाळा! तुझा हात गेला तरी...”

मुलीने माझा हात हातात घेतला. तळहात उघडला आणि त्यावर बोटाने हळूहळू वेल काढू लागली. देठ, मग पान, मग दुसरं पान. मी डोळे मिटून घेतले. पण मला ऐकू येत होतं.